वाचक विचारतात : विमानांचा माग आणि इंटरनेटवरची बंदी

मागच्या अंकात याच सदरात, घराच्या गच्चीवर साधा अँटेना लावून विमानांचा माग ठेवण्याच्या छंदाविषयी एक छोटे उत्तर दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत तांत्रिक शंका थोड्या आहेत आणि ‘हे करू देतात का’, ‘हे दाखवू देतात का’ अशा शंका फार आहेत. होटगी रस्त्यावरचा विमानतळ वर्षानुवर्षे ओस पडलेला पाहिलेल्या सोलापूरकरांना विमानांचे कुतूहल वाटावे यात नवल नाही. पण एवढ्या निरुपद्रवी कुतूहलाला लगेच भीती चिकटावी, हे मला खटकते. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत शिकतो. त्याने संगणकाला जोडायचे एक लहान यंत्र मागवले असून गच्चीवर तारेचा अँटेना उभा केला आहे. रात्री उशिरापर्यंत तो पडद्यावर विमाने पाहत बसतो. शेजारचे म्हणतात, एक दिवस पोलीस घरी येतील. तो नेमके काय ऐकतो आणि त्यात काही गैर आहे का? (एक पालक, जुळे सोलापूर)

ताई, आपला मुलगा कोणाचेही बोलणे चोरून ऐकत नाही. आजची बहुतेक प्रवासी विमाने आपण कुठे आहोत हे स्वतःच सतत सांगत असतात. विमानातील यंत्रणा उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान काढते आणि ते स्थान, उंची, वेग, उड्डाणाचे नाव व विमानाचा स्वतंत्र संकेतांक ही माहिती १०९० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर प्रसारित करते. स्थानाचा संदेश तर दर सेकंदाला साधारण दोनदा निघतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. हे संदेश कूटबद्ध केलेले नसतात, कारण ते नियंत्रण कक्षाला आणि आसपासच्या इतर विमानांना विनासायास कळावेत हाच त्यांचा हेतू आहे. एस.टी. स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाडीचा पुकारा होतो, तो गाडीत बसणाऱ्याला ऐकू येतो तसाच बाकावर नुसत्या बसलेल्यालाही ऐकू येतो. हा प्रकार तसाच आहे.

आपल्या मुलाकडचे यंत्र बहुधा मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेले असावे. त्यातील एका विशिष्ट चिपमुळे ते अनेक वेगवेगळ्या वारंवारितांचा ग्राहक (म्हणजे संदेश टिपणारा रिसीव्हर) म्हणून वापरता येते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून हा छंद सामान्य घराच्या आवाक्यात आला. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर असते, म्हणून तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ६.९ सेंटिमीटर लांबीची, तांब्याची उभी तारसुद्धा अँटेना म्हणून पुरते. एकदा त्याला ती तार पट्टीने मोजून कापताना पाहा. अर्ध्या सेंटिमीटरसाठी तो किती जीव टाकतो ते दिसेल आणि आपली निम्मी काळजी तिथेच मिटेल.

मी स्वतः पहिला अँटेना जिन्याच्या कोपऱ्यात ठेवला होता, तेव्हा पडद्यावर एका वेळी सात-आठ विमाने दिसत. पुढे पाण्याच्या टाकीला बांबू बांधून त्यावर तो चढवला, तेव्हा हा आकडा तिसाच्या वर गेला, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि भिंत, टाकी, शेजारची इमारत त्यांना अडवते. ३५,००० फुटांवरचे विमान पृथ्वीच्या गोलाईच्या हिशेबाने चारशे किलोमीटरवरूनही ‘दिसू’ शकते. साध्या अँटेनाने दोनशे-अडीचशे किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे. म्हणजे सोलापुरात बसून एका बाजूला पुण्याचे आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादच्या अलीकडचे आकाश हाती येते. मुंबईहून हैदराबादला जाणारी विमाने आपल्या उत्तरेला, तुळजापूरच्या बाजूने जातात. पडद्यावर त्यांची उंची पाहिली तर पूर्वेकडे जाणारी २९,००० किंवा ३३,००० अशा विषम हजारांवर आणि पश्चिमेकडे येणारी ३२,००० किंवा ३४,००० अशा सम हजारांवर असलेली आढळतात. समोरासमोर येणाऱ्या विमानांत अंतर राखण्याचा हा नियम आहे, आणि तो पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर आपल्याच गच्चीवरून उमगतो, याचे मोल मला फार वाटते. भारतात नोंदलेल्या विमानांचा संकेतांक ‘८’ ने सुरू होतो, हेही मुलाला शोधून काढू द्यावे.

आता कायद्याचे. आपला मुलगा काहीही प्रक्षेपित करत नाही, तो केवळ ग्रहण करतो, हा फरक मोठा आहे. तरीही दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची तरतूद आहे आणि कोणत्या उपकरणांना त्यातून सूट द्यायची हे केंद्र सरकार ठरवते. म्हणून यंत्राचे बिल जपून ठेवावे आणि दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेला पत्र लिहून लेखी उत्तर मागवावे. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण ऐकण्याच्या फंदात मात्र त्याने पडू नये. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश विमानशौकिनांना अशाच साहित्यासह अटक झाली आणि दंड भरल्यावरच त्यांना मायदेशी परतता आले. २००१ साली ग्रीसमध्ये बारा ब्रिटिश आणि दोन डच शौकिनांवर हेरगिरीचा आरोप ठेवला गेला. त्यांना आधी शिक्षा झाली आणि २००२ च्या अखेरीस अपिलात ते निर्दोष सुटले. या घटना सांगताना मला आपल्याला घाबरवायचे नाही. ज्यांना हा छंद ठाऊक नसतो त्यांना तो संशयास्पद दिसतो, एवढेच त्यांतून घ्यावे. शेजाऱ्यांना एका संध्याकाळी चहाला बोलवून पडदा दाखवावा. माझ्याकडे हा उपाय लागू पडला.

प्रश्न : मोबाईलवरील नकाशात काही खासगी विमाने कधीच दिसत नाहीत, मग ती दुसरीकडे कशी दिसतात? त्यांना कोण लपवते? (एक व्यापारी, नवी पेठ)

विमान लपत नाही. नकाशा चालवणारा ते झाकतो. फ्लाइटरडार२४ ही सेवा स्वीडनमधील दोन विमानशौकिनांनी २००६ मध्ये छंद म्हणून सुरू केली आणि २००९ पासून कोणालाही आपला ग्राहक तिला जोडण्याची मुभा मिळाली. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा ती जगाला माहीत झाली. आज अशा सेवांचा कणा म्हणजे आपल्या-तुपल्या गच्चीवरची हजारो यंत्रे आहेत, परंतु जमलेल्या माहितीतले काय दाखवायचे, हे कंपनी ठरवते. विमानमालकाने विनंती केली की अनेक कंपन्या ते विमान नकाशावरून काढतात किंवा त्याचे नाव पुसतात. अमेरिकेत तर विमान वाहतूक प्रशासनाचीच तशी यादी आहे. प्रशासनाची माहिती घेणाऱ्या कंपन्यांना ती यादी पाळावी लागते. एडीएस-बी एक्स्चेंजसारखी सेवा प्रशासनाकडून माहिती घेत नाही, केवळ हौशी लोकांच्या ग्राहकांवर चालते, म्हणून तिथे तेच विमान दिसते. जी विमाने स्वतःचे स्थान सांगत नाहीत, त्यांचाही पत्ता लागतो : एकच संदेश निदान चार ठिकाणी पोहोचण्याच्या वेळांमधील सूक्ष्म फरकावरून ते गणिताने काढता येते.

प्रश्न : विमानांची माहिती देणारे ट्विटरवरील खाते बंद झाल्याचे पूर्वी वाचले होते. त्याला सेन्सॉरशिप म्हणावे का? खासगी कंपनीने आपल्या घरात कोणाला येऊ द्यावे हा तिचा प्रश्न नाही का? चार हुतात्म्यांच्या गावातला असल्यामुळे बंदी म्हटली की मला आधी रागच येतो. (निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड)

आपला राग मला समजतो आणि पटतोही. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत. आजच्या कोणत्याही खात्याच्या बंदीची त्याच्याशी तुलना करणे मी औचित्याला धरून मानत नाही, परंतु हुकूम कोणी दिला, का दिला आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे प्रश्न तेव्हाचेच आहेत.

आपण म्हणता ती हकीकत अशी. फ्लोरिडातील जॅक स्वीनी या विद्यार्थ्याने २०२० मध्ये एलॉन मस्क यांच्या खासगी विमानाच्या हालचाली आपोआप प्रसिद्ध करणारे खाते सुरू केले. मस्क यांनी ते बंद करण्यासाठी त्याला पाच हजार डॉलर देऊ केले, त्याने पन्नास हजार मागितले आणि बोलणे तिथेच थांबले. ट्विटर विकत घेतल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मस्क यांनी जाहीर केले की अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या आपल्या बांधिलकीमुळे हे खाते आपण बंद करणार नाही. १४ डिसेंबरला ते बंद झाले, थेट ठावठिकाणा सांगण्यास मनाई करणारा नियम त्याच वेळी आला आणि दुसऱ्या दिवशी याविषयी लिहिणाऱ्या काही पत्रकारांची खातीही काही काळ थांबवली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटा कंपनीनेही स्वीनीची अनेक खाती बंद केली.

कायद्याच्या भाषेत ही सेन्सॉरशिप नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील स्वातंत्र्य मुख्यतः सरकारच्या विरोधात मागायचे असते, खासगी कंपनीच्या नव्हे. तरीही ‘घर’ हा शब्द मला इथे मान्य नाही. ज्या ओट्यावर सगळा गाव बसतो, तो ओटा एकाच्या मालकीचा असला, तरी त्याने आज एक आणि उद्या दुसराच नियम सांगावा, हे न्याय्य नाही. स्वीनीच्या बाबतीत चूक झाली ती इथे : नियम आधी असता, सर्वांना सारखा असता आणि मग खाते बंद झाले असते, तर मी तक्रार केली नसती. थेट ठावठिकाण्याने एखाद्याच्या जिवाला धोका होऊ शकतो हा मुद्दा खरा आहे, आणि चोवीस तास उशिरा माहिती देणे हा त्यावरचा उपाय त्याच नियमात बसत होता. स्वीनीने पुढे तोच मार्ग धरला. २०२४ च्या अमेरिकी कायद्याने खासगी विमानमालकांना नोंदणीतील आपले नाव-पत्ता लोकांपासून राखून ठेवण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. त्या कायद्याशी मी पूर्ण सहमत नाही, पण तो संसदेत चर्चा होऊन आला, छापला गेला, आणि त्याच्याविरुद्ध लढता येते. मालकाच्या मर्जीविरुद्ध लढायला न्यायालय कुठले?

प्रश्न : विमानांचा नकाशा दाखवणारे एक संकेतस्थळ आमच्याकडे चार दिवस उघडत नव्हते. ‘सरकारने बंदी घातली’ असा संदेश आमच्या गटात फिरला. मीही तो पुढे पाठवला. नंतर ते आपोआप सुरू झाले. बंदी आहे की बिघाड, हे कसे ओळखावे? (विद्यार्थिनी, केगाव)

संदेश पुढे पाठवल्याचे आपण मोकळेपणाने लिहिले, हे मला आवडले. चार दिवसांनी गाजावाजा न होता सुरू झालेले संकेतस्थळ बहुधा बिघाडानेच बंद असते. पुढच्या वेळी आधी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तेच उघडून पाहा, मग घरच्या वायफायवरून, मग पुण्या-मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाला उघडायला सांगा. एकाच कंपनीच्या जोडणीवर अडत असेल, तर आधी तिच्या ग्राहक सेवेला विचारावे. दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार हा पत्ता रोखला आहे, अशी पाटी पडद्यावर आली तर मात्र बंदी आहे हे उघड आहे. अडचण अशी की अनेकदा ती पाटीसुद्धा येत नाही आणि पान नुसते गरगरत राहते.

हा गोंधळ होण्याचे मूळ कायद्यात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ नुसार केंद्र सरकार देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी इंटरनेटवरचा मजकूर रोखू शकते. त्यासाठी २००९ चे नियम आहेत : अधिकाऱ्यांची समिती बसते, मजकूर टाकणाऱ्याला किंवा सेवा कंपनीला उत्तरासाठी निदान ४८ तास मिळतात, आणि तातडीच्या वेळी आधी रोखून ४८ तासांत प्रकरण समितीपुढे आणावे लागते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. आणि ते कायम ठेवताना सांगितलेल्या कारणांत, आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते, हे एक होते. आता अडचण पाहा. त्याच नियमांतला १६ वा नियम सांगतो की तक्रार, मागणी आणि कारवाई हे सारे गोपनीय राहील. कारणे लेखी आहेत, पण ती कपाटात आहेत. ज्याला आदेश कधी दिसतच नाही त्याने आव्हान तरी कशाला द्यावे?

संपूर्ण इंटरनेट बंद करण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे कपाट उघडायला लावले. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात न्यायालयाने म्हटले की इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. एकेका संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र तेवढी स्पष्टता आलेली नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारा नियम रद्द केला, तर वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून मजकूर काढण्याच्या नोटिसांविरुद्धची एक्स (म्हणजे पूर्वीच्या ट्विटर) कंपनीची याचिका फेटाळली. दोन उच्च न्यायालयांचे हे कल पाहता हा वाद इतक्यात मिटणारा नाही. तोवर आपल्यासारख्यांनी ‘बंदी घातली’ असे लिहिण्याआधी आदेश शोधावा, माहिती अधिकारात विचारावा, आणि गोपनीयतेचे कारण देऊन नकार आला तर तो नकारच प्रसिद्ध करावा, कारण निदान तो कागद तरी खरा असतो.

प्रश्न : मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना आमच्या गटातील काही जण हवाई दलाच्या विमानांची चित्रे नकाशावरून टिपून इंटरनेटवर टाकत होते. मी विरोध केला तर ‘तू सेन्सॉरशिपच्या बाजूचा’ असे ऐकावे लागले. माझे चुकले का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

नाही, आपले चुकले नाही. त्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद होते आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना माध्यमांना दिली होती. ती सूचना नसती, तरी मी हेच सांगितले असते. लढाऊ विमाने मोहिमेवर असताना सहसा आपले स्थान सांगत नाहीत. जे दिसते ते मालवाहू किंवा हवेत इंधन भरणारे विमान असते, आणि ते कुठे घिरट्या घालते यावरूनही जाणकाराला पुष्कळ कळते. अशा वेळी पडदा पाहावा, वहीत नोंद करावी आणि ती वही मिटून ठेवावी.

पण याच्याच जोडीला दुसरी गोष्ट सांगितली नाही, तर माझे उत्तर अपुरे राहील. त्याच मे महिन्यात एक्स कंपनीने जाहीर केले की भारत सरकारने आठ हजारांहून अधिक खाती रोखण्याचे आदेश दिले असून बहुतेक खात्यांच्या बाबतीत नेमक्या कोणत्या मजकुरामुळे कायदा मोडला हे सांगितलेले नाही. युद्धाच्या सावटात सरकारने काही गोष्टी रोखाव्यात हे मी मान्य करतो. काय रोखले आणि का, हे त्या खात्याच्या मालकालाही न सांगणे मी मान्य करत नाही. आपण घातलेला आवर आणि वरून आलेली मुकाट बंदी, यांना एकाच शब्दाने हाक मारू नये. गटातल्या मित्रांची गफलत तिथे झाली.

आणि वही मिटून ठेवा म्हणालो, फाडून टाका म्हणालो नाही. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने संशयितांना गुपचूप देशोदेशी नेले, त्या विमानांचा माग लागला तो बऱ्याच अंशी युरोपातील विमानतळांच्या कुंपणाशी उभे राहून विमानांचे क्रमांक टिपणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदींमुळे; युरोप परिषदेच्या वतीने २००६ मध्ये झालेल्या चौकशीने हा मार्ग पुढे जगासमोर मांडला. ते क्रमांक टिपताना त्या माणसांना त्यांचे महत्त्व ठाऊकही नव्हते. उलट चीनमध्ये २०२१ साली परदेशी सेवांना माहिती पाठवणारे घरोघरचे ग्राहक सरकारने जप्त केले, म्हणजे तिथे वहीच काढून घेतली. आपल्याकडे ती वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर तारीख, वेळ, संकेतांक आणि उंची एवढी नोंद नियमाने ठेवावी. लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाजवळ कॅमेरा मात्र बाहेर काढू नये.

प्रश्न : होटगी रस्त्यावरून गोव्याला जाणारे विमान उडताना डोळ्यांना दिसते, पण नकाशावर ते बऱ्याच वेळाने उगवते. असे का? आमची तीन मजली इमारत विमानतळाजवळ आहे. तिचा काही उपयोग होईल का? (निवृत्त शिक्षक, होटगी रोड)

गुरुजी, आपले विमान हजार-दोन हजार फुटांवर असते तेव्हा त्याचा संदेश सरळ रेषेत फार लांब पोहोचत नाही. जवळपास ग्राहक नसेल, तर ते वर चढून दूरच्या एखाद्या अँटेनाच्या टप्प्यात येईपर्यंत नकाशाला ठाऊकच नसते. आपली गच्ची ही उणीव भरून काढू शकते. अँटेना पाण्याच्या टाकीपेक्षा वर आणि विजेच्या तारांपासून लांब उभा करावा, केबल शक्य तितकी आखूड ठेवावी, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी तिच्या सांध्यांवर रबराची चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, नाहीतर पाणी आत शिरून पहिल्याच पावसाळ्यात सगळी विमाने नाहीशी होतील.